घर सोडायचा आदेश, न निघालेलं कुटुंब आणि सरकारची मदत

कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळचं पाणी चाळीस फुटांकडे सरकायला लागलं की सांगलीत रिक्षावरचा भोंगा फिरू लागतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं त्याआधीच आवराआवरीला लागलेली असतात, कारण पाणी सगळ्यांत आधी त्यांच्या दारात येतं. तरीही प्रत्येक पुरात गल्लीत दोन-चार घरं न हलणारी असतातच. "तुम्ही व्हा पुढं, आम्ही बघतो" म्हणतात. दोन दिवसांनी त्याच घराच्या गच्चीवरून कुणीतरी टॉवेल हलवत असतं आणि बोट पाठवावी लागते.

पूर ओसरला की चावडीवर वाद ठरलेला. सांगूनही जे निघाले नाहीत, त्यांना सरकारने मदत का द्यायची? त्यांच्यासाठी बोटी फिरवल्या, त्याचे पैसे कोण भरणार? हे प्रश्न रागातून येतात आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण त्यांची उत्तरं कायद्यात बरीचशी स्पष्ट आहेत, आणि ती बहुतेकांना वाटतात तशी नाहीत.

आदेश म्हणजे विनंती नव्हे

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. धोक्याच्या भागात कुणी यायचं, कुणी जायचं, कुठला रस्ता बंद ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कलम ३४ त्यांना देतं. कलम ६५ नुसार बचावासाठी लागणारी जागा, वाहनं आणि इतर साधनं ताब्यात घेता येतात. त्यांचा मोबदला पुढच्या कलमात सांगितला आहे.

न ऐकणाऱ्यांसाठी कलम ५१ आहे. प्राधिकरणाचा आदेश वाजवी कारणाशिवाय नाकारला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्या नकारामुळे कुणाचा जीव गेला किंवा जिवावर बेतलं, तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते. याशिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं १८८. पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेला कायदेशीर आदेश जो मानत नाही, त्याला तिथून हलवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ मध्ये आहे. किरकोळ प्रकरणात त्याला चोवीस तासांच्या आत सोडून द्यावं लागतं.

कलम ५१ मधले 'वाजवी कारणाशिवाय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरात अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, त्यांना न्यायला स्ट्रेचर आलं नाही आणि म्हणून मुलगा थांबला, तर तो गुन्हेगार ठरत नाही. पुराचं पाणी बघायला, रील काढायला पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहणारा मात्र कुठलंही वाजवी कारण दाखवू शकत नाही. गुन्हे दाखल करायचेच असतील तर सुरुवात पुलावरच्या गर्दीपासून करावी, असं आमचं मत आहे. घरात अडकून बसलेल्या म्हातारीला कोर्टाची पायरी चढवून कुणाचाच जीव वाचत नाही.

पूरपट्ट्यातल्या घरांना पावसाळ्याआधी नोटीस दिली जाते. ती घ्यायला लोक घाबरतात. सही केली तर उद्या मदत नाकारतील, अशी समजूत आहे. नोटीस घेतल्याने मदतीवरचा हक्क जात नाही आणि ती नाकारल्याने जबाबदारी टळत नाही. घ्यावी आणि जपून ठेवावी. आपलं घर पूरपट्ट्यात असल्याचा तो सरकारी कागदच असतो.

मग मदत मिळते की नाही?

मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायच्या मदतीचे निकष केंद्र सरकार ठरवतं. या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. या निकषांमध्ये 'स्थलांतराचा आदेश पाळला होता का' असा रकानाच नाही. नुकसान किती झालं, ते आपत्तीमुळेच झालं का, आणि ते पंचनाम्यात नोंदलं का, एवढंच पाहिलं जातं. बोटीने सोडवून आणलं त्याचा खर्च त्या कुटुंबाकडून वसूल करण्याची तरतूदही आपत्ती व्यवस्थापन कायद्यात नाही.

आणि ही मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. सरकारी भाषेत तिला सानुग्रह मदत म्हणतात, म्हणजे पुन्हा उभं राहायला दिलेला हात. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले केंद्राचे दर पाहिले की हे लगेच कळतं. मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये. सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५००, कच्च्या घराला ४,०००. गोठ्याला ३,०००. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. घर पडलं असेल किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं असेल, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. पिकांचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर हेक्टरी कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकार कधी यात भर घालतं, कधी मर्यादा वाढवतं. ते त्या त्या पुराच्या शासन निर्णयातच कळतं.

चांगली मुऱ्हा म्हैस घ्यायची तर लाखाच्या पुढे मोजावे लागतात आणि मदत ३७,५०० ची. 'सरकार देतंय म्हणून लोक बेफिकीर राहतात' हा आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही. अडीच हजारांच्या भांड्यांसाठी कुणी पुरात बसून राहत नाही.

मृत्यूच्या मदतीबद्दल एक बारकावा आहे. मृत्यू आपत्तीमुळे झाला असं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याचा पंचनामा आणि वारसांची कागदपत्रं द्यावी लागतात. घाईत शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला की पुढचं सगळं अडतं. दुःखाच्या त्या घडीला भावकीतल्या एखाद्या जाणत्या माणसाने हे सांभाळायला हवं. वर्षाला २० रुपये हप्त्याच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत नाव असेल तर तिचा २ लाखांचा दावा वेगळा करता येतो. तो बँकेत करायचा असतो, तहसील कार्यालयात नाही.

लोक का निघत नाहीत

न निघणाऱ्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण कृष्णाकाठच्या गावात जरा बसून ऐकलं तर तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा कानावर येतात, आणि सगळ्यांत आधी येते ती जुनी खूण.

२००५ च्या पुरात आयर्विनला पाणी जवळपास ५४ फुटांवर गेलं होतं. घराघरांच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर त्याच्या रेघा राहिल्या. पुढची चौदा वर्षं ती रेघ म्हणजे शेवटचा शब्द होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्याच हिशेबाने सामान रचलं. रेघेच्या फूटभर वर माळा, त्यावर धान्याची पोती, गाद्या, टीव्ही. पाणी साडेसत्तावन फुटांवर गेलं. रेघेच्या साडेतीन फूट वर. फूटभराची खबरदारी घेतलेल्यांचं सामान अडीच फूट पाण्यात गेलं आणि माळ्यावर बसलेल्यांना कौलं काढून बाहेर यावं लागलं. ही माणसं बेफिकीर नव्हती. त्यांनी अनुभवावर विसंबून हिशेब केला होता आणि अनुभवच तोकडा पडला.

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. उशिरा निघणं म्हणजे काय, हे त्या दिवसाने सांगितलं. रस्ता चालू असताना ट्रॅक्टरमध्ये बसून वीस मिनिटांत जाणारी माणसं, रस्ता बंद झाल्यावर दहा-बारा जणांच्या रबरी बोटीवर अवलंबून राहतात. त्या बोटीच्या मोटरचा पंखा पाण्याखालच्या उसाच्या शेंड्यांत, द्राक्षबागेच्या तारांत, कुंपणात अडकतो. दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे पाण्याला ओढ असते, तिथे बोट आडवी होते. घाबरलेली माणसं एकाच बाजूने चढतात, उभी राहतात, सामानाची पिशवी सोडत नाहीत. जीवनरक्षक जाकिटं कमी, माणसं जास्त. हे सगळं टाळण्याची वेळ आधीच्या दिवशी संध्याकाळी असते. बोटीत बसल्यावर टाळण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

दुसरं कारण म्हणजे जनावरं. दोन म्हशी, एक गाय आणि चार शेळ्या असलेल्या बाईला 'तुम्ही चला' म्हणणं म्हणजे तिचा महिन्याचा पगार सोडून चल म्हणणं. निवारा केंद्र शाळेत किंवा मंगल कार्यालयात, तिथे जनावरांना जागा नाही. मग घरातला एक पुरुष मागे थांबतो. बाकीचे गेले तरी त्या एकासाठी बोट पाठवावीच लागते. ज्या गावात जनावरांची सोय माणसांच्या आधी ठरते, चारा, पाणी, दावणीची जागा, दूध नेणारी गाडी कुठे येणार इथपर्यंत, तिथे गाव लवकर हलतं. यात जबाबदारी प्रशासनाचीही आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे. स्वच्छतागृह नसलेल्या शाळेत शंभर बायका-पोरं ठेवायची आणि मग 'लोक ऐकत नाहीत' म्हणायचं, हे बरोबर नाही.

तिसरं कारण चोरीची भीती. रिकाम्या गल्ल्यांतून रात्री बोटीने फिरून घरं फोडतात, ही चर्चा प्रत्येक पुरात असते. ती खरी की खोटी यापेक्षा, त्या भीतीने माणूस थांबतो हे खरं. पोलिसांची बोट रात्री गल्लीतून फिरताना दिसली की माणसं घर सोडायला तयार होतात.

चौथं कारण हुकलेल्या इशाऱ्यांचं. सातारा जिल्ह्यात डोंगरकपारीच्या वाड्यांमध्ये ते जास्त दिसतं. पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्यानंतर जोराचा पाऊस लागला की धोक्याच्या वाड्या हलवतात. पण दरडीला नदीसारखी फूटपट्टी नाही. आठ दिवस शाळेत काढायचे, काहीच घडत नाही, माणसं परत येतात आणि पुढच्या वेळी म्हणतात, "मागंबी उठवलंतं, काय झालं?" डोंगराच्या बाबतीत अंगणात किंवा उतारावर पडलेली नवी भेग, कललेला विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला झरा, चौकटीत अडकू लागलेलं दार, यातलं एक जरी दिसलं तरी आदेशाची वाट पाहू नये. पाणी पायरी पायरीने चढतं. दरड ती संधी देत नाही.

उंबरठ्याचा आकडा आणि रस्त्याचा आकडा

वैयक्तिक जबाबदारी हा शब्द भाषणात मोठा वाटतो. कृष्णाकाठी तिचा अर्थ बराचसा दोन आकड्यांत मावतो. दोन्ही प्रत्येक घराने उन्हाळ्यातच काढून दाराच्या मागे लिहून ठेवावेत.

पहिला उंबरठ्याचा आकडा. समजा २०२१ ला आयर्विनला पाणी ५५ फुटांच्या आसपास होतं तेव्हा तुमच्या घरात जमिनीपासून चार फूट पाणी होतं. म्हणजे आयर्विनला ५१ झाले की पाणी तुमच्या उंबरठ्याला लागतं. भिंतीवरची खूण मोजपट्टीने मोजा, अंदाजाने सांगू नका.

दुसरा रस्त्याचा आकडा, आणि तो जास्त महत्त्वाचा. घरापासून उंच जागेपर्यंत जाताना वाटेत एखादा सखल भाग, ओढ्याची मोरी किंवा पूल असतोच. तो आयर्विनच्या कितव्या फुटाला बंद होतो? समजा ४६.

आता हिशेब करा. सकाळी आठ वाजता आयर्विनला ४१ फूट आहे आणि पाणी तासाला तीन इंच चढतंय, म्हणजे चार तासांत एक फूट. उंबरठ्याला पाणी लागायला दहा फूट बाकी आहेत, म्हणजे चाळीस तास. घरातला माणूस म्हणतो, उद्या मध्यरात्रीपर्यंत काळजी नाही. पण रस्ता पाच फुटांनी बंद होणार, म्हणजे वीस तासांत, पहाटे चार वाजता. अंधारात म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं घेऊन कुणी निघणार नाही. म्हणून खरी निघायची वेळ आज संध्याकाळी सहाच्या आतली. पहाटे चारनंतरचे वीस तास घर कोरडं असतं आणि रस्ता गेलेला असतो. बोटीने सोडवावी लागणारी बहुतेक माणसं या वीस तासांत अडकतात.

आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट ही शहराची सरसकट फूटपट्टी आहे, तुमच्या घराची नव्हे. गावाकडच्यांनी आपल्या जवळचा पूल धरावा, बहे, ताकारी, भिलवडी किंवा अंकली. वारणाकाठच्या समडोळी, दुधगाव, कवठेपिरान या गावांचा हिशेब वेगळा. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि कृष्णा फुगलेली असली की वारणेचं पाणी मागे तुंबतं. शहरात शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून आणि गटारांतून पाणी उलटं येतं, ते नदीकडून येणाऱ्या पाण्याच्या आधी पोहोचतं. नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना ते मागच्या दाराने गाठतं.

वरच्या अंगाला काय चाललंय तेही पाहत राहा. १०५.२५ टीएमसीच्या कोयना धरणाचे दरवाजे उचलले की ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस घेतं. म्हणजे विसर्ग वाढल्याची बातमी हा एक दिवस आधी मिळालेला निरोप आहे. सांगलीत ऊन पडलंय म्हणून तो खोटा ठरत नाही.

निघताना

मेन स्विच बंद. गॅसचं रेग्युलेटर काढून सिलिंडर उभा बांधून ठेवा, नाहीतर तो तरंगत दारावर आपटत राहतो. संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडाशी वाळूची पिशवी दाबा. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती, विम्याचे कागद आणि रोजची औषधं एका प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा सोबत घ्या. सगळ्या कागदांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. घराच्या प्रत्येक खोलीचा एक फोटो काढा, हा पुढे पंचनाम्याला उपयोगी पडतो.

जनावरं नेणं शक्यच नसेल तर दावं सोडा. पुरात दगावलेली कित्येक जनावरं बुडून मेली ती गळ्यातल्या दोरीमुळे. सुटं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं. निघण्याआधी कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो घ्या.

पाण्यात उभी राहिलेली गाडी नंतर चालू करून पाहू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी तो दावा सहसा नाकारते. गाडी ओढून नेऊन गॅरेजला लावा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. घर आणि दुकानाच्या विम्यात मालकाने मालमत्तेची वाजवी काळजी घ्यायची अशी अट असते. आदेश न पाळल्याचा फटका बसलाच तर तो इथे बसू शकतो. सरकारी मदतीत ती अट नाही, खासगी करारात आहे. व्यापारी पेठेतल्या दुकानदारांनी गणपती पेठ, हरभट रोडच्या तळघरांतला माल कधी, कुठे हलवला याच्या टेम्पोच्या पावत्या म्हणूनच ठेवाव्यात.

पंचनामा

घर सोडलं तर पंचनाम्यात नाव येणार नाही, अशी भीती कित्येकांना घरात अडकवून ठेवते. ती पूर्ण चुकीची आहे. पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो आणि निवारा केंद्राच्या नोंदवहीतलं तुमचं नाव तुमच्या बाजूचा पुरावा असतो. केंद्रात गेल्या गेल्या कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, तारीख आणि वेळ लिहिली का ते पाहा. नातेवाइकांकडे गेला असाल तर तलाठ्याला किंवा पोलीस पाटलांना निरोप देऊन ठेवा.

घरी परतल्यावर झाडलोट सुरू करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या ओल्या रेघेवर पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, शेजारी माणूस उभा करून फोटो काढा. पाणी घरात कधी शिरलं आणि कधी निघालं, तास धरून लिहा. कपडे-भांड्यांच्या मदतीला दोन दिवसांची अट आहे, आणि तीस तास की पन्नास तास यावर सगळं ठरतं. २०१९ ला मोफत धान्यासाठी दोन दिवस क्षेत्र पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात आली, तेव्हा केवढा संताप उसळला होता! अट रास्त वाटत नसली तरी ती असेल तोवर तास लिहून ठेवणं आपल्या हातात आहे. आयर्विनच्या अधिकृत नोंदी तुमच्या वेळेशी जुळवून दाखवता येतात.

भाडेकरूंनी मागे राहू नये. पडलेल्या घराची मदत मालकाची, पण कपडे आणि भांडी ज्या कुटुंबाची भिजली त्याची मदत त्या कुटुंबाची. भाडेकरार नसेल तर लाइटबिल, गॅसची पावती किंवा पोरांच्या शाळेचा दाखला दाखवा. मेलेल्या जनावराचं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन होईपर्यंत ते पुरू नका. वाहून गेलं असेल तर तसं पंचनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. जे नव्हतंच ते मात्र लिहू नका. खोटा दावा करणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन शब्दांत लाखभर रुपयांचा फरक असतो. १५ टक्के पडझड लिहिलीच नसेल तर काहीच मिळत नाही. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पुढे शेतीच्या मदतीसाठी याद्या पोर्टलवर चढल्या की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधारची ई-केवायसी करावी लागू शकते, मग पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खातं बंद असलं, नावाचं स्पेलिंग वेगळं असलं किंवा सामाईक गटात बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र नसलं, की रक्कम अडकते. आदेश न पाळल्यामुळे कुणाची मदत अडत नाही, या बारीकसारीक गोष्टींमुळे अडते.

ग्रामपंचायतीत किंवा चावडीत लागलेल्या यादीत नाव नसेल तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहा. घर क्रमांक, पाणी शिरल्याची आणि निघाल्याची तारीख-वेळ, फोटो, निवारा केंद्रातली नोंद, दोन शेजाऱ्यांच्या सह्या एवढं पुरतं. अर्ज तोंडी सांगून परत येऊ नका. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. पूर चालू असताना सुटकेसाठी फोन करायचा तो जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर किंवा ११२ वर. तो करताना घराजवळची ठळक खूण, माणसं किती, त्यात म्हातारी, आजारी, गरोदर कोण आणि पाणी आत्ता कुठवर आलंय, हे आधी सांगा. तुम्हाला कालच निघायला सांगितलं होतं का, हे त्या फोनवर कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.